खिडक्या बुजवलेला वर्ग

त्या वर्षी गणपतीची सुट्टी संपवून शाळेत आले आणि नववीचा वर्ग मला ओळखूच येईना.

काम सुट्टीतच उरकलं होतं. कौलांखालचे जुने वासे दिसू नयेत म्हणून खाली पांढरं फॉल्स सीलिंग बसवलं होतं आणि त्यात चौकोनी एलईडी दिवे. काळा फळा जाऊन चकचकीत पांढरा फळा आला होता, समोर प्रोजेक्टर टांगला होता. प्रोजेक्टरवरचं चित्र नीट दिसावं म्हणून पश्चिमेकडच्या तिन्ही खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केल्या होत्या. प्लायला निळा रंग देऊन त्यावर सूर्यमाला रंगवली होती. आधी त्या खिडक्यांतून बदामाचं झाड दिसायचं. आता तिथे शनी आणि गुरू होते.

"बघा मॅडम, अख्ख्या जिल्ह्यात असा वर्ग शोधून सापडायचा नाही," मुख्याध्यापक म्हणाले. ते निवृत्तीला आले होते आणि जाण्याआधी शाळेत काहीतरी डोळ्यात भरेल असं उभं राहावं ही त्यांची फार इच्छा होती. खर्च सगळा शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने केला होता. मुंबईकडे त्यांचा कारखाना होता. मागायला कुणी गेलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन देऊ केलं होतं.

मी पेणची. पेणहून रोज गाडीने रोह्याला यायचं, कासू, नागोठणे, निडी करत, आणि संध्याकाळी तशीच परत, अशी माझी सगळी नोकरी झाली. सासरची शेती होती, पण शेतावर उभं राहणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आम्ही सगळे शाळा-बँकांतले. मी भूगोल शिकवायचे. नवा वर्ग मला मनापासून आवडला, हे सांगायलाच हवं. इतकी वर्षं मी खडूने ज्वालामुखी काढत आले होते, आणि आता तो पोरांसमोर भिंतभर फुटत होता. पहिल्या तासाला तर टाळ्या पडल्या.

हा वर्ग मी सहावीपासून ओळखत होते. बडबडी मुलं. प्रश्न संपायच्या आत उत्तर, एकाच्या उत्तरावर दुसऱ्याचं भांडण, मागून कुणाचं तरी खुसखुसणं. नव्या खोलीत गेल्यावर महिन्याभरात हे सगळं विझलं. गणिताचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "वर्ग चांगला असला की शिस्त आपोआप येते बघा." सुरुवातीला मलाही ते पटलं. पण दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला पाहावं तर अर्धी डोकी बाकावर टेकलेली. "बाई, पाणी प्यायला जाऊ?" हे एकसारखं चालू. आणि गेलेलं मूल नळाशी पाणी पिऊन लगेच परत यायचं नाही, तिथेच उघड्यावर उगाच उभं राहायचं.

त्या वर्गात एक मुलगी होती. खांब गावाच्या बाजूची, भातशेती करणाऱ्यांच्या घरातली. मिनीडोर रिक्षाने कोलाड नाक्यावर यायची, तिथून एसटीने रोहा. बोलायला कमी, पण नकाशा काढायची तो बघत राहावा असा. कोकणचा किनारा पेन्सिल न उचलता काढायची, प्रत्येक खाडी आपापल्या जागी. सातवीत तिने काढलेली कुंडलिका नदीची वाट मी पुढच्या वर्गांना दाखवत असे.

ऑक्टोबरपासून ही मुलगी बिघडली, असं सगळे म्हणायला लागले. वहीत अक्षरं ओळ सोडून जायला लागली. फळ्यावरचं उतरवताना मधलेच शब्द गाळायची. बसायची ती कपाळावर हात आडवा धरून, जणू समोरून ऊन येतंय. एकदा इंग्रजीच्या बाईंनी तिला उभं केलं तर ती बाक धरून तशीच डोळे मिटून उभी राहिली. "नाटकं आहेत," त्या म्हणाल्या. "रात्रभर मोबाईल बघत असणार, दुसरं काय." सहामाहीच्या पेपरात तिने भारताचा नकाशा अर्धा सोडून दिला होता. पश्चिम किनारा दोन ठिकाणी तुटलेला. मी पेपर तपासता तपासता थांबले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी निरोप पाठवला.

तिची आई आली. हातात पिशवीभर काकड्या, आणि चेहऱ्यावर भीती. मी बस म्हणायच्या आतच म्हणाली, "बाई, तिला मारू नका. ती खोटं नाय बोलत."

"मारायला नाही हो बोलावलं. तिला होतंय काय ते विचारायचंय."

"शाळेतनं आली का दप्तर टाकते नि पडवीत काळोखात जाऊन झोपते. दिवा लावला का ओरडते. डोळं कुणी आतनं दाबतंय म्हणते. दोनदा उलटी झाली."

"मोबाईल फार बघते का?"

"मोबाईल एकच हाय घरात, तो तिच्या बापाकडं. तो कंपनीत, शिफ्टला. तिच्या हातात कवा येतो?" मग काकड्यांची पिशवी खाली ठेवत म्हणाली, "नि गंमत बघा बाई, रविवारी बरी असते. आता कापणी चालू हाय. दिवसभर उन्हात माज्याबरोबर भात कापते, भारे बांधते. तवा काय नाय होत."

ही गोष्ट माझ्या डोक्यात अडकली. दिवसभर शेतात उन्हात राबून जे डोकं दुखत नाही, ते सावलीतल्या, पंख्याखालच्या वर्गात का दुखतं?

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली तेव्हा मी माय-लेकींना घेऊन रोह्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. आई एकटी गेली असती तर डॉक्टरांपुढे तोंड उघडलं नसतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. नंबर नव्हता, डोळे स्वच्छ होते.

"अर्धशिशी दिसते," ते म्हणाले. "घरात कुणाला आहे?"

आई म्हणाली, "माजं डोकं धरतं अधनंमधनं. मी म्हणायची वाऱ्यानं."

डॉक्टर मुलीशी बोलत बसले. उपाशी येतेस का, झोप किती, कधी सुरू होतं. मुलगी म्हणाली, वर्गात शिरल्यावर थोड्या वेळाने. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "वर्गात काय बदललंय यंदा?"

मी सांगितलं, दिवे बदललेत, खिडक्या बंद केल्यात.

"काही हलक्या प्रतीचे दिवे सारखे लुकलुकत असतात," ते म्हणाले. "इतक्या भरभर की आपल्या डोळ्यांना कळत नाही. पण मेंदू ते झेलत असतो. बहुतेकांना नुसता थकवा येतो. हिच्यासारख्यांना जास्त सोसावं लागतं."

मी तिथेच पर्समधून मोबाईल काढला. डिजिटल वर्गाचे फोटो दर आठवड्याला वर शिक्षण खात्याकडे पाठवावे लागायचे, ते काढायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक फोटोवर काळसर आडवे पट्टे उमटलेले. आजवर मी माझ्या फोनला नावं ठेवत होते. डॉक्टरांना फोटो दाखवले. त्यांनी नुसती मान हलवली. बाकड्यावर बसलेली ती मुलगी वाकून बघत होती. फोटोतला एक पट्टा तिने बोटाने दाखवला आणि आईला म्हणाली, "हेच. हेच हलतं."

इतके दिवस ती हे कुणाला सांगत नव्हती, कारण बाकी कुणाला ते दिसत नव्हतं. तिला वाटत होतं आपल्याच डोक्यात काही झालंय. बाहेर आल्यावर आईने तिला रस्त्यातच जवळ घेतलं. "मग बोलायचंस ना गो," म्हणाली. 

सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्यांना नको होतं. "एका मुलीला अर्धशिशी आहे म्हणून अख्खा वर्ग बदलायचा का मॅडम? तिला दुसऱ्या तुकडीत बसवू." त्यांचंही बरोबर होतं एका अर्थी. माझ्याकडे एका मुलीपलीकडे दाखवायला काही नव्हतं. जे होतं ते दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर आलं.

मंगळवारी दुपारी वीज गेली. खिडक्या बंद, त्यामुळे वर्गात एकदम काळोख. मुलं ओरडली. मी दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि व्हरांड्यातच खाली बसवलं. नोव्हेंबरचं ऊन बदामाच्या पानांतून फरशीवर पडलं होतं. भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा टेकवून मी घाटमाथा आणि कोकण शिकवायला लागले.

पाच-दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, वर्गात आवाज आहे. एकाने विचारलं, पाऊस घाटावर पडतो तर पाणी आपल्याकडे कसं येतं. दुसरा म्हणाला, आपल्या नदीला धरणाचं पाणी येतं, पावसाचं नाही. तिसरी त्याच्यावर तुटून पडली. मागे कुणीतरी खुसखुसलं. मला एकदम भरून आलं. ही माझी मुलं होती, सहावीतली, तीच. मधले दोन महिने ती कुठेतरी जाऊन आल्यासारखी वाटली.

ती मुलगी खांबाला पाठ टेकून बसली होती. कपाळावर हात नव्हता. वहीवर मान घालून भराभर काही काढत होती.

वीज आली. आत दिवे लागले, दारातून तो पांढराफेक उजेड बाहेर फरशीवर पडला. मी म्हटलं, "चला आत."

कुणीच उठलं नाही. मग एकजण म्हणाली, "बाई, इथंच बसू या ना." आणि दुसरा, "बाई, आत डोकं जड होतं." आणि मग सगळेच बोलायला लागले. डोळे चुरचुरतात. फळा चमकतो, मधलं दिसतच नाही. दुपारी झोप येते. घरी गेल्यावर अभ्यासाला बसवत नाही. मी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"सगळे म्हणतात भारी वर्ग हाय," एक मुलगा म्हणाला. "मग कसं सांगायचं?"

मी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, माझं ऐकू नका. एक दिवस तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. शिकवायला नाही, शिकायला."

ते चिडले असावेत, पण बसले. सकाळपासून, मुलांच्या बाकावर गुडघे वर घेऊन, त्या मुलीच्या शेजारच्या रांगेत. मुलं आधी अवघडली, मग विसरली. जेवणाच्या सुट्टीनंतरही ते परत आले, हे मला विशेष वाटलं. माझा तास होता. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागून त्यांचा आवाज आला.

"मॅडम, फळ्याच्या मध्ये काही लिहिलंय का?"

"हो सर. नदीचे कार्य."

"मला नुसता पांढरा चट्टा दिसतोय."

वर्ग हसला. तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तास संपल्यावर ते माझ्याबरोबर बाहेर आले आणि व्हरांड्यात जरा वेळ नुसते उभे राहिले, नळाशी मुलं उभी राहतात तसे. म्हणाले, "मला वाटत होतं वय झालं म्हणून मला इथे त्रास होतो." मग म्हणाले, "पण ज्यांनी वर्ग दिला त्यांना कोण सांगणार? स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलंय त्यांना. एवढ्या प्रेमाने दिलंय. मला नाही जमायचं मॅडम. तुम्ही बोला."

तोवर त्यांनी एवढं मात्र केलं, भूगोल आणि मराठीचे तास व्हरांड्यात घ्यायला परवानगी दिली.

जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ते माजी विद्यार्थी आले. साठीचे, साधा सदरा घातलेले, बोलायला मऊ. मी दुसरंच कुणी मनात धरलं होतं, कडक कपड्यांतलं आणि घाईतलं. वर्गात प्रदर्शनाची तयारी चालू होती, ती मुलगी आणि मी भिंतीवर नकाशे लावत होतो, दिवे बंद ठेवून, दार सताड उघडं टाकून. ते आत आले आणि त्यांनी स्वतः बटणं दाबून सगळे दिवे लावले. वर बघून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. 

"मी इथेच बसायचो," ते मागच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले. "पावसाळ्यात झडी आत यायची म्हणून खिडक्या बंद करायचे. वर एकच बल्ब, तोही बहुतेक गेलेला. फळ्यावरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. मग मी शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचो. मास्तरांना वाटायचं चोरून लिहितो. फार मार खाल्ला त्यापायी. तेव्हाच मनात घेतलं होतं, या वर्गात एक दिवस लख्ख उजेड करीन."

हे ऐकल्यावर मी पुन्हा नकाशाला टाचण्या लावायला लागले. मुलगी नकाशाचं टोक धरून उभी होती. त्यांनी तिलाच विचारलं, "काय गं, आवडला का वर्ग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "आवडला," म्हणाली. "पण मला याच्यात बसवत नाय."

"का?"

"उजेड हलतो."

"हलतो?" त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "मला तर नाही दिसत."

"बाईंना पण नाय दिसत. फोनमध्ये दिसतो."

मी फोन काढून त्यांच्या हातात दिला, कॅमेरा चालू करून. त्यांनी तो दिव्याकडे धरला. पडद्यावर पट्टे सरकत होते. मग मी सगळं सांगितलं, डॉक्टर, व्हरांडा, मुलं काय म्हणाली ते. मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते, तेही मान हलवत राहिले. पाहुणे मागच्या कोपऱ्यात जाऊन बाकावर बसले. फळ्याकडे बघितलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"म्हणजे मी यांना..." असं म्हणाले आणि थांबले.

मुलगी म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाय केलंत."

तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. मग म्हणाले, "मला त्या वेळी कुणी विचारलं नाही, की बाळा, तुला दिसतंय का? आणि आता मीही कुणाला विचारलं नाही."

दिवे त्यांनी उठून स्वतःच बंद केले.

स्नेहसंमेलन झालं आणि पुढच्या आठवड्यात सुतार आले. प्लाय निघाला. खिडक्यांची एक काच फुटलेली निघाली आणि गजांवर चिमणीने घरटं करायला घेतलेलं होतं, ते तसंच ठेवून काम करावं लागलं. दिवे बदलले, नवे आले ते मऊ उजेडाचे, फळ्यावर चमकणार नाहीत अशा बेताने लावलेले, आणि प्रत्येक रांगेला वेगळं बटण. प्रोजेक्टरसाठी जाड पडदे आले. काळा फळाही बाजूच्या भिंतीवर परत लागला. या सगळ्यात ते दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा मुलांना बसवून विचारून गेले.

सगळं काही चांगलं झालं असं नाही. प्रोजेक्टरवरचा माझा ज्वालामुखी आता फिकट दिसतो. दहावीलाही मुलांना हीच खोली दिली. पावसाळ्यात झडी आत येते, खिडकीजवळची मुलं बाक सरकवत वर्गाच्या मध्यापर्यंत येतात. वर्गात पुन्हा आवाज होतो म्हणून गणिताचे सर तक्रार करतात. आणि त्या मुलीची अर्धशिशी काही गेली नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, न खाता घरातून निघायचं नाही असं बजावलं. तरी महिन्यातून एखादा दिवस तिचा जातो. फरक एवढाच, की त्या दिवशी ती उठून आपल्या रांगेचं बटण बंद करते, आणि कुणी तिला नाटकी म्हणत नाही. इंग्रजीच्या बाईंनी तर तिच्यासाठी घरून टोपी आणली, पुढे सावली धरणारी.

दहावीच्या परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं. बैठक क्रमांकाप्रमाणे बसायचं, तिथे कुणाचं काही चालत नाही. मला त्याच वेळी पेणला पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. पहिल्या पेपरच्या दिवशी माझं लक्ष माझ्या वर्गात नव्हतं. संध्याकाळी तिच्या बापाच्या फोनवरून तिचा फोन आला.

"बाई, माझ्या डोक्यावरच खराब ट्यूब होती. चालू-बंद, चालू-बंद."

मी म्हटलं, "मग?"

"मग मी उभी राह्यले. म्हटलं, बाई, ही ट्यूब बंद करा, मला अर्धशिशी हाय. त्या म्हणाल्या, काळोख होईल, बाकीच्यांना कसं दिसणार? मी म्हटलं, खिडकी उघडली तर दिसेल. त्या नाय म्हणत होत्या. तेवढ्यात मागची एक पोरगी बोलली, बंद करा बाई, मला पण त्रास होतो. मग अजून दोघी बोलल्या. मग शिपाईकाकांनी बंद केली नि खिडकी उघडली."

"आणि पेपर?"

"सोपा होता."

मी म्हटलं, शाब्बास. आणखीही बरंच बोलायचं होतं. मागून तिची आई जेवायला हाक मारत होती. मुलीला मात्र एकाच गोष्टीची चुटपुट लागली होती. ती मागची मुलगी, जिने तिच्यापाठोपाठ तोंड उघडलं, ती दुसऱ्या शाळेची होती, आणि पेपर सुटल्यावर गर्दीत दिसेनाशी झाली. तिला अर्धशिशी आहे का, ती कुठल्या गावची, काहीच विचारता आलं नाही.

"परवाच्या पेपराला लवकर जाते बाई," ती म्हणाली. "दारातच उभी राहीन. ती येईल ना?"